खून कोणी केला, बराखी कोणी झाकली

रविवारी दुपारी एक वाजता 'तिसरी खूण'चा शेवटचा भाग पुन्हा लागणार होता, आणि त्याच संध्याकाळी वृषालीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर नारायणगावच्या प्रेसवर द्यायचा होता. आता ह्या दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या याला कोणी योगायोग म्हणेल. म्हणू देत बापडे. कोरडेमळ्यातले योगायोग कोणीतरी बसून जुळवलेले असतात, आणि हा कोणी जुळवला ते वृषालीला चांगलं ठाऊक होतं.

शेवटचा भाग तसा शुक्रवारी रात्रीच होऊन गेला होता. पण शुक्रवारी रात्री पिंपळवंडीला लाइट कुठली! भारनियमनाच्या तक्त्यात आमच्या फीडरची पाळी नेमकी त्याच वेळेला. आठ महिने अख्ख्या गावानं ज्या घटकेची वाट बघितली, त्या घटकेला अख्खं गाव अंगणात बसून डास मारत होतं. शनिवारी मंचरहून आलेला एक पावणा दूध डेअरीवर "अहो, तो खुनी..." एवढंच म्हणाला, तर चार जणांनी त्याला धरून रसवंतीवर नेला, दोन गिलास रस पाजला आणि एसटीत बसवून दिला.

मालिका होती सरंजामे नावाच्या बड्या घराण्याची. आबासाहेब सरंजामे पहिल्याच भागात दुधातल्या विषानं गेले, आणि तेव्हापासून इन्स्पेक्टर रणदिवे नुसते चष्मा पुसत हिंडत होते. संशय धाकटा भाऊ विक्रांत याच्यावर, थोरल्या सुनेवर, आणि दगडू माळ्यावर. हा दगडू पहिल्या भागापासून एक अक्षर बोललेला नव्हता.

हौशीराम कोरडे आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ सयाजी यांचं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. घरं समोरासमोर, मध्ये एक बांध. पण मालिका सुरू झाल्यापासून दोघं रोज भांडत होते. कसे? तर हौशीराम सकाळी डेअरीवर दूध घालायला जायचे आणि काट्यावरच्या कुशाबाला म्हणायचे, "धाकट्या भावाचंच काम हाय ते. धाकटे असलेच असत्यात, लिहून ठेव." संध्याकाळी सयाजी कॅन घेऊन आला की कुशाबा फॅट मोजता मोजता सकाळचा निरोप जसाच्या तसा ऐकवायचा. सयाजी म्हणायचा, "त्यांना म्हनावं, इन्स्पेक्टरच खुनी हाय. त्यो आबासाहेबाचा लपवलेला पोरगा. दोघांच्या हनुवटीला सारखा खड्डा हाय, तुमचं डोळं हायेत का बटणं?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते हौशीरामांना पोचायचं, बटणांसकट. मध्ये कुशाबा दोन दिवस तापानं पडला तर दोन्ही भावांना चैन पडेना. हौशीराम तर त्याच्या घरी जाऊन आले. तब्येतीची विचारपूस केली, चहा घेतला, आणि निघता निघता हळूच म्हणाले, "तिकडून काय आलं का?"

हे कुशाबाच्या बायकोनं हौशीरामांच्या बायकोला, साळुबाईला सांगितलं, साळुबाईनं लेकीला, वृषालीला सांगितलं, आणि लेकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे दोघं तर बोलतायत! फक्त मध्ये कुशाबा आहे. तेवढा बाजूला काढायचा.

शनिवारी तिनं केबलवाल्या कुंडलिकला रस्त्यात गाठलं.

"सयाजीतात्यांच्या घरची लाइन उद्या संध्याकाळपर्यंत बंद ठेव."

"अगं, ते मला जिता ठेवतील का?"

"लग्नात पहिल्या पंगतीला बसवते तुला."

"पहिल्या पंगतीला मी तसाबी बसतोच," कुंडलिक कुरकुरला. पण वायर काढली.

*

रविवारी सकाळी दहाला पत्रिकेचं काम निघालं. आमच्याकडे पत्रिका म्हणजे नुसतं तारीख-मुहूर्ताचं निमंत्रण नसतं. खाली भावबंदांची नावं असतात, आणि लोक आधी ती वाचतात. कोण वर, कोण खाली, आणि मुख्य म्हणजे कोण नाही. एखाद्याचं नाव राहिलं की त्या घरातली माणसं मांडवात पाय ठेवत नाहीत, आणि ते मग पुढच्या पिढीपर्यंत चालतं.

हौशीराम पाटावर मांडी घालून बसले होते. वृषाली वहीत लिहीत होती.

"निमंत्रक," ते म्हणाले. "हौशीराम चिमाजी कोरडे. लिही."

तिनं लिहिलं. पेन तसंच धरून ठेवलं.

"पुढं?"

"पुढं काय? झालं."

साळुबाई आत भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "आन दुसरं नाव?"

"दुसरं नाव न्हाई."

"कळंबची व्याह्याची मानसं पत्रिका वाचतील. चुलत्याचं नाव न्हाई म्हनल्यावर काय समजतील? चुलता मेला म्हनायचा का?"

"म्हन, व्हता एक. घरचा कांदा सडवून गेला."

वृषालीनं वही मिटली. ती शांत पोरगी, आवाज चढवायची नाही. आज मात्र बापाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "आप्पा, मला हळद लागताना तात्या पलीकडं बांधावर उभे राहून बघणार असतील, तर मला ते लग्न गोड लागणार नाही. सांगून ठेवते."

हौशीरामांनी पानाची चंची काढली, चुना लावला, आणि पान न खाताच परत ठेवून दिलं. सयाजी नऊ वर्षांचा असताना त्यांचं लग्न झालं होतं. त्याला मुंजोबाच्या जत्रेला खांद्यावर बसवून नेलेलं त्यांना आठवत होतं. आठवायला नको होतं, पण आठवत होतं.

गोष्ट पंचाण्णव सालची. मिरगाच्या तोंडावर दोघा भावांचा सामायिक कांदा वरच्या मळ्यातल्या बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, भरला होता, साडेतीनशे पिशवी. बराखीला बाजूंनी वारं लागलं पाहिजे, नाहीतर कांदा आतल्या आत शिजतो, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतं. हौशीराम साखर कारखान्यात फिटर होते. मशिनरीच्या दुरुस्तीला आठ दिवस तिकडेच मुक्कामाला गेले आणि कांदा सयाजीच्या भरवशावर सोडला. परत आले तेव्हा बांधावरूनच वास आला. सयाजीनं एवढंच सांगितलं, की बराखी प्लास्टिकच्या कागदानं चारी बाजूंनी गच्च बांधलेली होती, आणि मी बघितलं तोवर वेळ गेली होती. "बांधली कोणी?" हौशीरामांनी सगळ्या भावबंदांसमोर विचारलं. "तू का?" सयाजी हो म्हणाला नाही आणि नाही पण म्हणाला नाही. मान खाली घालून उभा राहिला. महिन्याभरात चुली वेगळ्या झाल्या.

*

सयाजीच्या घरात साडेबाराला टीव्हीवर नुसत्या मुंग्या नाचत होत्या.

त्यानं केबलची वायर उपटून पुन्हा खोचली. टीव्हीच्या पाठीवर दोन थापा मारल्या. कुंडलिकला तीनदा फोन लावला, तो उचलेना. "आठ महिने!" तो बायकोवर, इंद्रायणीवर ओरडला, जशी काय वायर तिनंच काढली होती. "आठ महिने मी त्या हनुवटीवर नजर ठेवून हाय, आन आज ह्या भाड्यानं लाइन घालवली!"

"मग जावा की कुनाकडं तरी," इंद्रायणी म्हणाली. तिनं वृषालीला सकाळी मागच्या दारानं येताना पाहिलं होतं, आणि दोघींचं काय ठरायचं ते ठरलं होतं. पुरुषांचं बोलणं बंद झालं म्हणून बायकांचं कधी बंद होतं का? अकरा वर्षं परसदारानं कालवणाच्या वाट्या येत-जात होत्या.

"कुनाकडं जाऊ? वस्तीवर टीव्ही हाय कुनाचा?"

"समोर हाय."

सयाजीनं तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर गप्प झाली असती.

तेवढ्यात वृषाली बांध ओलांडून आली. "तात्या, चला. एक वाजत आला."

"मी न्हाई येत."

"आप्पा म्हणतायत, आज धाकटा भाऊच पकडला जाणार. म्हणतायत, सयाजीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून तो येणारच नाही."

हौशीराम असं काहीही म्हणाले नव्हते. पण सयाजी ताडकन उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "चल. मी मालिका बघाया येतोय, कुनाच्या घरी येत न्हाई." इंद्रायणीनं आणि अकरा वर्षांच्या लेकीनं, संस्कृतीनं केव्हाच चपला घातलेल्या होत्या.

*

खोलीत शिरताना सयाजीनं टोपी सारखी केली. भिंतीला रंग नवा होता, पण पाण्याचा माठ त्याच कोपऱ्यात होता. हौशीरामांनी त्याला पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि टीव्हीकडे तोंड फिरवलं. साळुबाईनं मात्र भरल्या डोळ्यांनी चटई झटकली. "बस," ती म्हणाली. बाकी काही तिला सुधरेना.

मालिका सुरू झाली. इन्स्पेक्टरनं सगळ्या सरंजाम्यांना दिवाणखान्यात गोळा केलं. पहिली जाहिरात लागेपर्यंत कोणी हूं की चूं केलं नाही. जाहिरात लागली तसे हौशीराम माठाकडे बघत म्हणाले, "विक्रांतला घाम फुटलाय. सांगा कुनाला बघायचं असल तर."

"वयनी," सयाजी छताकडे बघत म्हणाला, "घाम उन्हानंबी येतो म्हनावं. इन्स्पेक्टरनं आज हनुवटीवर हात ठेवलाय, खड्डा दिसू नये म्हनून. सांग त्यांना."

"त्याला म्हन, इन्स्पेक्टर खुनी असतोय का कुठं?"

"त्यांना म्हन, असतोय!"

"मी काय कुशाबा हाय व्हय रं?" साळुबाई भडकली. "हितं दोन हातांवर बसलाय, आन सांग त्याला, सांग ह्याला! आन खून कुनीबी केलेला न्हाई. त्या म्हाताऱ्यानं सोताच चुकीची बाटली उचलली. घरातल्या निम्म्या गोष्टी अशाच व्हत्यात, कुनी मुद्दाम करत न्हाई."

इंद्रायणी थोरल्या दिरासमोर बोलायची नाही. तिनं पदर ओढून साळुबाईच्या कानात स्वतःचा अंदाज सांगितला, की थोरल्या सुनेला जुळी बहीण आहे. साळुबाईला इतकं हसू आलं की तिनं तोंडात पदर कोंबला. हौशीरामांनाही हसू आलं, पण ते त्यांनी खोकल्यात घालवलं.

मालिका पुन्हा लागली. इन्स्पेक्टर रणदिवे चष्मा पुसून उभे राहिले. "आठ महिने तुम्ही सगळे माझ्याशी खोटं बोललात," ते म्हणाले. "एक माणूस मात्र खोटं बोलला नाही. कारण तो बोललाच नाही. दगडू! आता तरी सांग, त्या रात्री तू कुणाला पाहिलंस?"

दगडूनं तोंड उघडलं.

आणि बाहेर डीपीवर फाट्कन आवाज झाला. पंखा थांबला, टीव्ही मिटला.

"गेली!" सयाजी किंचाळला. "फ्यूज उडाला!" रविवारची दिवसाची लाइट म्हणून अख्ख्या शिवारानं एकदम विहिरींवरच्या मोटारी चालू केल्या होत्या. पलीकडच्या वस्तीवरूनही शिव्यांचा मोठा कल्ला ऐकू आला. सगळं गाव ह्याच घटकेला एका सुरात डीपीच्या सात पिढ्या उद्धरत होतं.

*

खोलीत बसवेना इतकं उकडत होतं, म्हणून सगळे पडवीत येऊन बसले. वायरमनला बोलवायला कोणीतरी फटफटीवर गेल्याचं कळलं. सयाजीनं आता उठून घरी जायला हवं होतं, पण तो गेला नाही, आणि हौशीरामांनीही काही तोंड वाकडं केलं नाही. साळुबाईनं ताक आणलं.

"दगडू आठ महिने बोलला का नसंल?" वृषालीनं ताकाचा पेला फिरवत विचारलं. हा प्रश्न तिनं आधी ठरवलेला नव्हता, सहज आला.

"चोराच्या मनात चांदणं," म्हणायला हौशीरामांनी तोंड उघडलं होतं, पण पोरीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. "चूक केली असंल म्हनून," ते एवढंच म्हणाले. "बिनचुकीचा मानूस बोलतो. मोकळेपनी न्हाई म्हनतो."

सयाजीनं ताकाचा पेला खाली ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो सरळ भावाकडे बघून बोलला.

"भाऊ, चूक केलेला मानूस गप बसत न्हाई. दहा कारनं सांगतो. गप कोन बसतं? ज्यानं दुसऱ्याला बघितलं असतंय. आन तो दुसरा आपल्या जिवाचा असतोय."

कोंबड्या तेवढ्या अंगणात उकरत होत्या. वृषालीला कळलं, की हे आता दगडूचं राहिलेलं नाही.

"तात्या," ती हळूच म्हणाली, "तुम्ही कुणाला बघितलंत?"

"जाऊ दे. ताक चांगलंय."

"जाऊ दे काय जाऊ दे!" हा आवाज इंद्रायणीचा होता. पदर खाली आला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. "अकरा वर्षं हेच ऐकत आले मी. आक्का, राग मानू नका. ह्यांनी तुमाला बघितलं. त्या सांजेला विहिरीवरनं. कागदाची घडी डोक्यावर घेऊन बराखीकडं जाताना. आन म्हनून हे भावबंदांपुढं तोंड शिवून उभं राहिलं. का, तर वयनीनं मला लहानाचं मोठं केलं, तिला मी बोल लावून घेनार न्हाई!"

साळुबाईचा हात गालावर गेला. "मला?" ती सयाजीकडे बघत राहिली. "अरं येड्या, मी तर कागद नुसता वरनं टाकला! ह्यांनीच सांगितलं व्हतं, आभाळ आलंय, माथ्यावर कागद टाक म्हनून. वर टाकला, चार दगडं ठेवली आन आले. बाजूला मी हातबी लावला न्हाई. बाजू तर तू बांधल्यास!"

"मी?" सयाजी उभाच राहिला. "वयनी, दुसऱ्या दिवशी सकाळी घोडेगावहून हिच्या माहेरचा सांगावा आला न्हाई का, हिला कळा सुरू झाल्यात म्हनून? मी अंगावरच्या कपड्यानिशी पळालो. ही संस्कृती झाली, चार दिवस तिकडंच. पाचव्या दिवशी बराखीवर गेलो, तर चारी बाजूंनी तारंनं आवळलेली. हातानं सुटंना. शेवटी विळ्यानं तोडली."

"तारंनं?" साळुबाई म्हणाली. "मला तार कुठली पिळायला येतीय?"

"लई बारीक पिळा व्हता. पक्कडीनं दिल्यासारखा."

हौशीराम ताकाच्या पेल्यात बघत होते.

पक्कड. त्यांना तो कारखान्याच्या कामाचा जुना चामड्याचा पट्टा आठवला, त्यात अडकवलेली पक्कड आठवली आणि बाइंडिंग तारेचं भेंडोळं आठवलं. पहाटेची पहिली गाडी पकडायला ते वरच्या मळ्यातून चालले होते. वारं सुटलेलं. कागद फडफडत होता, दोन दगडं खाली पडलेली. आता उडून जाईल म्हणून त्यांनी कागद खाली ओढला, चारी बाजूंनी तार फिरवली, चार पिळे दिले. दोन मिनिटांचं काम. सयाजी सकाळी आला की सोडेल. स्टँडवरच्या हॉटेलात निरोप ठेवावा असं त्यांच्या मनात आलंही होतं. पण गाडी उभीच होती आणि कंडक्टर घंटी मारत होता.

आणि मग आठ दिवस मिलचे रोलर, बेअरिंगा, ग्रीस. हातांनी केलेलं ते दोन मिनिटांचं काम डोक्यात राहिलंच नव्हतं. अकरा वर्षं राहिलं नव्हतं. आता ते असं समोर उभं होतं, तारेच्या चार पिळ्यांसकट.

हे दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हतं. तार कधीच गंजून मातीत गेली होती. ते गप्प बसले असते तर कोणी विचारलंही नसतं. सयाजी आला होता, ताक प्यायला होता, पत्रिकेत नाव टाकलं असतं की सगळं गोडीगुलाबीनं मिटलं असतं, आणि मोठेपणा वर त्यांनाच मिळाला असता. हौशीरामांना ते मोहाचं वाटलं, खोटं कशाला सांगा.

"सयाजी," ते म्हणाले. मग पेला खाली ठेवून पुन्हा म्हणाले. "सयाजी, तार माझी व्हती रं."

"काय?"

"मी बांधली. पहाटं गाडीला जाताना. वाऱ्यानं कागद उडत व्हता. तू सोडशील म्हनून... आन इसरलो. पार इसरून गेलो. तुझ्यावर आळ घेतला आन तुला घराबाहेर काढला, आन मीच केलेलं व्हतं ते."

नेमक्या त्याच क्षणी लाइट आली. आतून इन्स्पेक्टर रणदिवेंचा आवाज दणदणीत घुमला, "आणि खुनी आहे..."

"बंद कर गं ते मेलं!" साळुबाई ओरडली. संस्कृती धावत गेली आणि बटण दाबलं. आठ महिने जीव टांगून ठेवलेल्या त्या घरात त्या मिनिटाला खुन्याचं कोणालाही काही पडलं नव्हतं.

सयाजी पडवीच्या खांबाला धरून उभा होता. त्याचे डोळे वाहत होते आणि तो पुसतही नव्हता. "हिच्या बारशाला तू आला न्हाईस, भाऊ," तो म्हणाला. "मी पाळन्यापाशी उभा राहून रस्त्याकडं बघत व्हतो."

"न्हाई आलो." हौशीरामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चूक झाली माझी. लई मोठी चूक झाली. मारायचं तर मार मला."

"आन मी अकरा वर्षं वयनीला गुन्हेगार समजून चाललो."

"आन मी तुला!" साळुबाई म्हणाली. रडता रडता तिला हसू फुटलं. "तुझ्याकडं वाटीभर कालवन धाडताना दर टायमाला म्हनायचे, बिचाऱ्यानं भीतीपोटी बांधली असंल, जाऊ दे!"

दारात उभ्या असलेल्या संस्कृतीनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिला आता कुठे नीट उमगलं होतं. "म्हणजे पप्पा," ती म्हणाली, "इन्स्पेक्टरच निघाले की!"

पहिली हसली ती इंद्रायणी, थोरल्या दिरासमोर, खदाखदा. मग साळुबाई. मग सयाजी हसायला लागला तो खांबाला टेकून खालीच बसला, आणि हौशीराम त्याच्या शेजारी जाऊन बसले, आणि हसता हसता दोघांनी एकमेकांचे हात असे घट्ट धरले की सुटतील म्हणून भीती वाटावी. वृषालीला वाटलं, लग्न उद्या मोडलं तरी आता काही बिघडत नाही. मग तिनं पटकन स्वतःची जीभ चावली, कारण कळंबचा मुलगा तिला मनापासून आवडला होता.

*

साडेतीनला वही पुन्हा उघडली. चहा झाला होता. वृषालीनं पेन काढलं.

"निमंत्रक," हौशीराम म्हणाले. "आधीचं खोड. वर लिही, सयाजी चिमाजी कोरडे. त्याच्या खाली माझं."

"असं कुठं असतंय?" सयाजी म्हणाला. "थोरल्याचं नाव वर. लोक हसतील."

"हसू देत. मी खाली असाया पायजे."

"भाऊ, शानपना नको. तुझं नाव वर टाक, पोरी."

"पोरगी माझी हाय. मी सांगतो ते लिहील ती."

"तुझी एकट्याची?" सयाजीचा आवाज चढला. "अकरा वर्षं ह्या पोरीला शाळेत जाताना बांधावरनं बघितलंय मी. पायात काटा मोडला तेव्हा माझ्या वट्यावर बसून काढलाय तिनं. माझीबी हाय ती!"

"तुझीबी हाय, मग तुझं नाव वर!"

"न्हाई म्हंजे न्हाई!"

दोघं उभे राहिले होते. साळुबाई मध्ये पडायला निघाली, तर इंद्रायणीनं तिचा हात धरून खाली बसवली. "आक्का, बसा. भांडू द्या त्यांना," ती म्हणाली, "लई दिवसांनी भांडत्यात."

पाच वाजता वृषाली नारायणगावच्या प्रेसवर पोचली. प्रेसवाल्यानं कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि डोकं खाजवलं.

"ताई, निमंत्रकाची दोन्ही नावं एकाच ओळीत लिहिलीत तुम्ही. दोन भावांची नावं एकाखाली एक असतात. शेजारी शेजारी बसायची नाहीत ती, ओळ लहान आहे."

"बसवा," वृषाली म्हणाली. "अक्षर बारीक झालं तरी चालेल."